चांदीच्या काचेचा पहिला मणी

मागवलेली चांदीच्या काचेची कांडी पुडक्यातून बाहेर काढली की बहुतेकांचा हिरमोड होतो. एवढे पैसे मोजले आणि हातात आलं काय, तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखी तपकिरी, मळकट काच. फोटोतला मोरपिशी, जांभळट, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा झळकणारा रंग त्या कांडीत शोधून सापडत नाही. सापडणारही नाही, कारण तो अजून झालेलाच नाही. कांडीत आहे ती विरघळलेली चांदी. तिला वर आणून बसवायचं काम ज्योत करते आणि ज्योत आपल्या हातात असते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी ही महागाची कांडी देत नाही ती याचसाठी. आधी ज्योत कळू दे, मग चांदी.

काच वितळवायच्या गॅसच्या टॉर्चवर निदान वीस-पंचवीस साधे मणी तुम्ही केलेले आहेत, सळईवर काच गुंडाळून ती गोल करता येते, असं धरून पुढचं सगळं लिहिलं आहे. तेवढं झालं नसेल तर आधी साध्या काळ्या-पांढऱ्या काचेवर हात बसवा. चांदीची काच साध्या काचेच्या कितीतरी पट महाग पडते, आणि गोलाई जमत नसताना ती जाळणं जिवावर येतं.

काचेतली चांदी करते काय

कोबाल्टची निळी काच ज्योतीत कशीही फिरवा, निळीच राहते. चांदीचं तसं नाही. काच बनवताना घातलेली चांदी आत विरघळून बसलेली असते, धातू म्हणून दिसत नाही. अशी काच गरम असताना तिच्यावरून गॅस जास्त आणि ऑक्सिजन कमी असलेली ज्योत फिरली, की त्या ज्योतीतले अर्धवट जळलेले वायू मिळेल तिथून ऑक्सिजन ओढतात, काचेच्या पृष्ठभागातूनही. ऑक्सिजन सुटला की चांदी पुन्हा धातू होते आणि तिच्या अतिसूक्ष्म कणांचा तलम पापुद्रा काचेवर बसतो. डबक्यावर रॉकेलचा थेंब पडला की पाण्यावर जसे रंग खेळतात, तसा या पापुद्र्यावर उजेड खेळतो. शाळेच्या पुस्तकात या क्रियेला ‘क्षपण’ म्हणतात. कामाच्या टेबलावर सगळे रिडक्शनच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

युक्ती जुनी आहे. इराकमधल्या कुंभारांनी नवव्या शतकातच झिलई दिलेल्या भांड्यांवर चांदी-तांब्याचे क्षार रंगवून, भट्टीत धूर कोंडून, त्यांना सोन्यासारखी झळाळी आणली होती. त्यांची भट्टी खोलीएवढी असेल, आपली ज्योत हातभर आहे. रसायन तेच.

एक घोटाळा सुरुवातीलाच मिटवून घेऊ. चांदीच्या काचेत दोन घराणी आहेत. एक रिडक्शनचं, ज्याबद्दल हा लेख आहे. दुसरं स्ट्रायकिंगचं. त्यात रंग पृष्ठभागावर नाही तर काचेच्या पोटात तयार होतो. मणी चांगला तापवायचा, लाली जाईपर्यंत निववायचा, मग साध्या ज्योतीत हळूहळू पुन्हा ऊब द्यायची, की पिवळा, तांबूस, निळा असे रंग उमलत जातात. तिथे जास्तीच्या गॅसची गरज नसते. अमेरिकेतल्या डबल हेलिक्स या कारखान्याच्या काचांपैकी ट्रायटन आणि सायकी रिडक्शनच्या, लुना आणि टेरा स्ट्रायकिंगच्या. काही काचा दोन्हीला दाद देतात. नवख्या माणसाने आधी एक घराणं पक्कं करावं. माझं मत विचाराल तर रिडक्शनपासून सुरुवात करा. बरोबर जमलं की तीन सेकंदांत दिसतं आणि चुकलं तर पुसून पुन्हा मांडता येतं. स्ट्रायकिंग जास्त संयम मागतं.

काय लागेल, आणि गॅसचं गणित

सळया, त्यांना लावायचा मातीचा लेप, ग्राफाइटची पट्टी, चिमटा, डिडीमियमचा चष्मा, भट्टी हे सगळं तुमच्याकडे आहेच. काच एफेट्रे या इटालियन कारखान्याची किंवा तिच्याशी जुळणारी, म्हणजे जिच्यावर १०४ हा आकडा लिहिलेला असतो ती. हा आकडा काच तापल्यावर किती फुगते त्याचा. जिथे १०४ तिथे १०४च. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे घरातल्या फुटक्या बांगड्यांची काच काळा पाया म्हणून वापरणं. फिरोजाबादची बांगडी देखणी असते, पण तिचा आकडा आपल्याला माहीत नसतो. मणी ज्योतीत छान दिसतो, भट्टीतूनही नीट निघतो आणि आठवड्याने डबीत आपोआप तडकलेला सापडतो. बोरोसिलिकेटच्या कांड्यांचा आकडा तर ३३च्या आसपास, त्यांची आणि याची गाठ घालूच नका.

पहिल्यांदाच अख्खी कांडी घेणं परवडत नसेल तर चांदीच्या काचेचा चुरा घ्या. जर्मनीच्या राइशेनबाखच्या काचेपासून केलेले असे चुरे मिळतात. त्यांचा आकडा बहुधा ९६च्या आसपास असतो, म्हणून १०४च्या मण्यावर ते चिमूटभरच लावायचे, एकूण काचेच्या विसाव्या भागाहून जास्त नाही. तेवढ्यावर सराव भरपूर होतो.

आता गॅस. या भागावर मी रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडच्या नवशिक्यांचे निम्मे मणी इथेच बिघडतात आणि दोष मात्र काचेला दिला जातो.

परदेशी व्हिडिओंत सगळे प्रोपेन वापरतात. आपल्याला मिळतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला पाच लिटर ऑक्सिजन लागतो, एक लिटर ब्यूटेनला साडेसहा. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आज अनेक घरांत पडून आहेत आणि छोट्या टॉर्चला ते चालतातही. पण पाच लिटरचं यंत्र मिनिटाला पाच लिटरच देतं. ब्यूटेन जास्त असलेला गॅस सढळ सोडला की ऑक्सिजन पुरा पडत नाही आणि आपल्या नकळत ज्योत कायमचीच रिडक्शनची होते. साध्या काचेवर ते चटकन दिसत नाही. चांदीची काच लावली की मात्र पहिल्या मिनिटापासून तिच्यावर राखाडी साय धरू लागते. उपाय सोपा आहे: ज्योत लहान ठेवा. यंत्राला पेलेल एवढाच गॅस. मणी हळू तापेल, तापू दे.

घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर स्वयंपाकासाठीच आहे, ते कामाला जोडू नका. ५ किलोचं छोटं सिलिंडर विकत मिळतं, किंवा व्यावसायिक १९ किलोचं घ्या. शेगडीचा साधा रेग्युलेटरही इथे उपयोगाचा नाही, दाब कमी-जास्त करता येणारा हवा. गॅस आणि ऑक्सिजन दोन्ही नळ्यांवर उलट ज्योत रोखणारा फ्लॅशबॅक अरेस्टर हवाच. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती बघायची, आणि ऑक्सिजनच्या सांध्यांना तेल-ग्रीसचा हात कधीही लावायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून तळघरात किंवा खोलगट जागेत सिलिंडर ठेवायचं नाही. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. विझवताना आधी ऑक्सिजन, मग गॅस.

लाइट गेली तर? कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो आणि ज्योत क्षणात लांब, पिवळी, काजळी सोडणारी होते. घाबरायचं नाही. मणी ज्योतीबाहेर घ्यायचा, ऑक्सिजनची चावी बंद, मग गॅसची. एखादा मणी गेला तर गेला.

श्वासाची काळजी

रिडक्शनच्या ज्योतीत गॅस अर्धवट जळतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. एका पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि एकामागून एक वीसेक मणी रिड्यूस करत बसले. तासाभरात डोकं जड झालं, मळमळू लागलं. भूक लागली असेल असं वाटून मी आणखी दोन मणी केले. नशीब म्हणून कुणीतरी हाक मारली आणि मी गच्चीवर गेले. उघड्यावर दहा मिनिटांत बरं वाटायला लागलं तेव्हा लक्षात आलं की भूक नव्हती.

तेव्हापासून नियम पक्का आहे. ज्योतीच्या मागे हवा बाहेर फेकणारा पंखा आणि माझ्या पाठीमागे ताजी हवा आत येईल अशी उघडी खिडकी, म्हणजे हवा माझ्याकडून ज्योतीकडे आणि तिथून बाहेर जाते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं छोटं यंत्र भिंतीवर लावलं आहे. डोक्यावरचा छताचा पंखा मात्र बंद. तो ज्योत हलवतो, मणी एका बाजूने निववतो आणि धूर खोलीभर फिरवतो. सुती कपडे, बांधलेले केस, ओढणी-पदर खोचलेला. सळईचा वाळलेला लेप खरवडताना धूळ उडते, ते काम पाण्यात बुडवून करायचं.

ज्योत वाचायला शिका

आता टॉर्च पेटवा, पण काच हातात घेऊ नका. अर्धा तास नुसती ज्योत बघा.

टॉर्चच्या तोंडाशी निळ्या, टोकदार छोट्या शिखा दिसतात, त्यांच्याकडे नजर ठेवा. गॅस आणि ऑक्सिजन जुळलेले असले की त्या आखूड आणि रेखीव असतात, साधारण गव्हाच्या दाण्याएवढ्या, आणि पुढची ज्योत निळसर, शांत असते. ही साधी ज्योत. ऑक्सिजन थोडा वाढवा. शिखा आणखी आखडतात, ज्योत अरुंद आणि फिकट होते, आवाज फुसफुसता, तीक्ष्ण येतो. ही ऑक्सिजनची ज्योत. आता ऑक्सिजन हळूहळू कमी करा. शिखा लांबतात, त्यांची टोकं मऊ होतात, पिसासारखी फुलतात, त्यांना पिवळसर छटा येते, ज्योत फुगते आणि आवाज घटतो. ही रिडक्शनची. तिथून आणखी कमी केलंत तर ज्योत पूर्ण पिवळी होऊन काजळी धरेल, तितकं नको आहे. शिखा दीड-दोन सेंटीमीटर लांब आणि टोकाला जराशी पिवळी झाक, एवढं पुरे.

सोनाराला फुंकणीने काम करताना पाहिलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. झाळ लावताना तो ज्योत कधी मऊ ठेवतो, कधी टोकदार करतो, आणि आवाजावरूनच त्याला कळतं. आपल्यालाही कानाने कळायला हवं, कारण काम करताना डोळे मण्यावर असतात. चाव्या किती फिरवल्या की साधी ज्योत रिडक्शनची होते आणि परत येते, हे दहा-वीस वेळा करा. ज्योतीकडे न बघता जमलं की काच घ्या.

नुसत्या हवेवर चालणारा एकाच गॅसचा टॉर्च असेल तर ऑक्सिजनची चावीच नसते. मग जागा बदलायची. तोंडाजवळची ज्योत गॅसने भरलेली असते, टोकाकडे आजूबाजूची हवा मिसळून ती सौम्य होते. काम टोकाकडे, रिडक्शन तोंडाजवळ.

मणी

पाया काळा घ्या. काळ्यावर पापुद्रा सगळ्यात स्वच्छ दिसतो. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांशेजारी ओवायलाही असे मणी शोभतात, हे मी विद्यार्थिनींच्या गळ्यांत पाहिलं आहे. हस्तिदंती रंगावर चांदीची काच घातली तर कडेला काळपट-तपकिरी रेघ उमटते. तीही सुंदर असते, पण पहिल्या मण्यात नको. फिरोजी आणि तांब्याच्या हिरव्या काचा मात्र या कामात मुद्दाम टाळा. त्यांच्यातलं तांबंही रिड्यूस होतं आणि वर विटकरी, धातूसारखा थर चढतो. फुलांच्या फिरोजी पाकळ्या गंजलेल्या पत्र्यासारख्या दिसायला लागल्या की चुकलं कुठे ते कळत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

१. साध्या ज्योतीत दहा-बारा मिलिमीटरचा काळा मणी करा. दोन्ही टोकं सळईपाशी आत वळलेली, गोल हवीत. टोकदार, धारेची नकोत.

२. ज्योत ऑक्सिजनकडे थोडी झुकवा. चांदीची कांडी एकदम आत घालू नका, तडकून ठिकऱ्या उडतात. ज्योतीच्या अगदी टोकाशी, बाहेरच्या उबेत फिरवत फिरवत आत आणा. टोकाला गोळा आला की काकवीसारखी ओघळेल इतपतच पातळ होऊ द्या आणि मण्यावर पाच-सहा ठिपके ठेवा. अख्खा मणी मढवायचा मोह आवरा. काळ्याच्या शेजारी ठिपका असला की फरक दिसतो, शिवाय कांडी वाचते.

३. ठिपके वितळवून सपाट करा, अजूनही ऑक्सिजनच्या ज्योतीत, आणि तोंडापासून लांब. या वेळी ठिपका पारदर्शक तपकिरी किंवा हिरवट दिसायला हवा. त्याच्यावर साय धरली असेल तर रिडक्शन आपोआप सुरू झालं आहे. ऑक्सिजन वाढवा, ठिपका लाल होईपर्यंत तापवा, साय जळून जाईल.

४. मणी ज्योतीबाहेर घ्या आणि फिरवत राहा. हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाईत हमखास गाळला जातो. मणी आतून लाल दिसतो आहे तोवर थांबायचं. लाली गेली की मनात आकडे मोजायचे. बारा मिलिमीटरच्या मण्याला मी आठ ते दहा मोजते. खोलीत ऊन येत असेल तर लाली दिसतच नाही, म्हणून टॉर्चमागे गडद फळी लावून सावलीत बघा. फार वेळ थांबूनही चालत नाही, मणी थंड पडला तर परत ज्योतीत जाताना तडकेल.

५. मणी निवत असताना दुसऱ्या हाताने ऑक्सिजन कमी करून ज्योत रिडक्शनची करा.

६. तोंडापासून आठ-दहा सेंटीमीटरवर, फुललेल्या ज्योतीतून मणी फिरवत न्या. दोन सेकंद, फार तर तीन. बाहेर काढा.

७. आता बघा. डिडीमियमचा चष्मा सोडियमचा पिवळा झगमगाट अडवतो, पण काही रंगही खातो, म्हणून मणी ज्योतीबाहेर आल्यावर चष्म्याच्या वरून नजर टाका. दिव्याचा उजेड ठिपक्यावर तिरका पडेल असा मणी धरा.

इथे घाई करू नका, कारण बघण्यासारखं आता होतं. बाहेर आल्या क्षणी ठिपका काळाच वाटतो. मग कडेने एक फिकट रुपेरी रेघ सुरू होते, वाऱ्याने पाण्यावर तरंग यावा तशी. ती आत सरकते. मणी पाव फेरा फिरवला की रुपेरीच्या जागी निळं दिसतं, आणखी पाव फेरा फिरवला की जांभळं, आणि कडेला एक सोनेरी धागा. सळई थांबवली की रंग थांबतो, फिरवली की चालू लागतो. एवढे मणी झाले तरी या क्षणी माझा श्वास थांबतो.

८. काहीच दिसलं नाही तर पुन्हा दोन सेकंद. पुन्हा बाहेर, पुन्हा बघा. एकदम सात-आठ सेकंद आत ठेवण्यापेक्षा दोन-दोन सेकंद तीन वेळा कधीही बरं.

९. रंग आवडला की थांबा आणि मणी थेट भट्टीत ठेवा. शेवटची ऊब म्हणून साध्या किंवा ऑक्सिजनच्या ज्योतीतून नेलात तर आत्ता बसवलेली चांदी जळून जाईल.

पाच मण्यांचा अभ्यास

इथवर आलात की एक दुपार फक्त यासाठी राखून ठेवा. सारख्या आकाराचे पाच काळे मणी करायचे, प्रत्येकावर एकाच कांडीचे सारखे ठिपके. पहिला लाली गेल्या गेल्या ज्योतीत घाला, दुसरा पाच मोजून, तिसरा दहा मोजून, चौथा पंधरा मोजून. चारही तीन सेकंद. पाचव्याला दहा मोजा, पण ज्योतीत आठ सेकंद ठेवा. सळयांना वेगवेगळ्या रंगांच्या तारा बांधा, म्हणजे भट्टीतून निघाल्यावर कुठला कोणता ते कळेल.

दुसऱ्या दिवशी पाची मणी पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. बहुधा पहिला शिशासारखा जड, राखाडी दिसेल, कारण तो फार गरम होता आणि चांदी भसाभसा वर आली. तिसरा झळाळेल. चौथ्यावर जेमतेम झाक असेल. पाचवा आरसा होऊ पाहतो आणि मध्येच मळतो. तुमच्या टॉर्चवर, तुमच्या गॅसवर ही ओळ थोडी वेगळी येईल, आणि तो फरक कुणाच्याही व्हिडिओत मिळणार नाही. वहीत लिहून ठेवा: कांडीचं नाव, ज्योत कशी होती, किती मोजलं, किती सेकंद, काय दिसलं. माझ्या वहीची पानं काजळीच्या बोटांनी भरलेली आहेत आणि आजही नवी कांडी आली की मी हाच अभ्यास करते.

बिघडलं तर

राखाडी आणि मळकट आलं म्हणजे रिडक्शन जास्त झालं किंवा मणी फार गरम होता. ज्योत ऑक्सिजनची करा, मणी पूर्ण तापवा, साय जाईपर्यंत. मग निववा आणि पुन्हा करा. दोन-तीन वेळा हे खुशाल चालतं. त्यापुढे वरच्या थरातली चांदी दमते आणि रंग फिका पडत जातो.

वर काळी पूड बसली आणि बोटाने पुसली गेली, तर ती चांदी नाही, काजळी आहे. ज्योत फार पिवळी होती.

रंग ठिपक्याच्या एकाच बाजूला आला तर सळई सारख्या गतीने फिरली नाही. भाकरी तव्यावर फिरवतो तसं, न थांबता.

ठिपका अजिबात दाद देत नसेल तर आधी कांडीवरचं नाव बघा. ती स्ट्रायकिंगची निघते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

पारदर्शक काचेखाली

पापुद्रा वर उघडा असला की झळाळतो, पण तो घासला जाऊ शकतो. त्याच्यावर पारदर्शक काचेचा थर चढवला तर तो आत सुरक्षित राहतो आणि रंगाला खोली येते, विहिरीत डोकावल्यासारखी. मात्र चमक बदलते. रुपेरी आरसा आत गेला की बहुधा मऊ होतो, निळसर-जांभळट होतो.

हे करताना तापवायची असते पारदर्शक कांडी, मणी नाही. मणी ज्योतीच्या खाली, उबेत धरा. कांडीचा गोळा चांगला पातळ करून दोन ठिपक्यांच्या मधून सुरुवात करा आणि पट्टा गुंडाळत न्या. ज्योत थेट पापुद्र्यावर पडली तर तो काच चढण्याआधीच जळतो. हवेचे बुडबुडे अडकू नयेत म्हणून पट्टे एकमेकांना चिकटून. सगळा मणी झाकला की मग नेहमीसारखा तापवून गोल करा, आता चांदीला धोका नाही. या कामात पहिले पाच-सहा मणी वाया जातील असं समजूनच बसा. चांगली, स्वच्छ पारदर्शक काच घ्या. कांडीवरचा धुळीचा कणही आत कायमचा राहतो, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा.

भट्टी आणि नंतर

१०४च्या काचेला भट्टी ५१० ते ५२० अंश सेल्सिअसवर. शेवटचा मणी आत गेल्यावर एवढ्या आकाराला तासभर तिथेच ठेवा, मग तासाला साठेक अंशांच्या हिशेबाने ३७० पर्यंत उतरवा, त्यापुढे भट्टी बंद करून दार न उघडता निवू द्या. राखेत किंवा व्हर्मिक्युलाइट या ऊब धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुश्यात पुरलेला मणी तडकत नाही, पण त्याच्या आतला ताण पुरता जात नाही. विकायचा किंवा भेट द्यायचा मणी भट्टीतून गेलाच पाहिजे. मध्येच लाइट गेली तर दार उघडून बघू नका. मणी आपोआप निवू देत, आणि नंतर थंड भट्टीत ठेवून सावकाश तापवत हाच सगळा क्रम पुन्हा करा.

सळईवरून काढताना मणी पाण्यात भिजवा, मग पिळून ओढा. भोक हिऱ्याच्या पावडरीच्या कानशीने पाण्याखाली साफ करायचं. पापुद्रा उघडा असलेला मणी घासणीने किंवा भांड्यांच्या पावडरीने घासू नका. मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी पुरे.

आणि काम आवरताना उरलेल्या तुकड्यांवर नावं लावा. रिडक्शनची असो की स्ट्रायकिंगची, चांदीची काच थंड असताना बहुतेक सारखीच तपकिरी दिसते. कांडीच्या एकाच टोकाला चिठ्ठी असली तर ती नेमकी ज्योतीत जाणाऱ्या बाजूला असते. मी दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावते, नाव लिहिते, आणि एक टोक वापरून संपत आलं की दुसऱ्याकडून सुरुवात कधीच करत नाही.